हळदीच्या गोदामातला बर्फ

पडद्यापासून पाच हात लांब राहा. नाटकात काम करणाऱ्या प्रत्येक माणसाला मी आयुष्यभर हेच सांगत आलो. पडद्यावरचा राजवाडा लांबून राजवाडा दिसतो, पण जवळ गेलात तर त्याचा दरवाजा तुमच्या कमरेला येतो आणि प्रेक्षकांना कळतं की राजा स्वतःच्या घरात मावत नाही. कळमनुरीजवळच्या एका गावात राजाचं काम करणाऱ्या मास्तरांना शोक इतका अनावर झाला, की त्यांनी राजवाड्याच्या खांबालाच टेका दिला. खांब कापडाचा होता. राजे पडद्यासकट मागच्या पेटीवाल्याच्या मांडीवर जाऊन पडले आणि पेटीवाल्यानंही धंद्याला जागून भात्यावरचा हात काढला नाही.

मी रशीद पेंटर, राहणार कळमनुरी. पोट भरलं ते दुकानांच्या पाट्यांवर, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर आणि शाळांच्या भिंतींवरच्या सुविचारांवर. जीव लागला तो मात्र नाटकाच्या पडद्यांना. या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, तुमच्या धंद्याबद्दल लिहा. धंदाच उरलेला नसल्यामुळे मी खोटं लिहिलं तरी तपासायला कोणी नाही. तरी खरंच लिहितो.

पडदा कसा करतात हे आधी थोडक्यात सांगून टाकतो. मांजरपाट आणायचा, पट्ट्या शिवून वीस फुटांचं कापड करायचं, ते जमिनीवर ताणून त्याला सरस आणि खडूचा हात द्यायचा. वाळलं की काजळीत बुडवलेली सुतळी दोघांनी दोन टोकांना धरून मधे उचलून सोडायची. फट्ट आवाज होतो आणि कापडावर सरळ रेघ उमटते. अशा उभ्या-आडव्या रेघांच्या चौकटी पाडल्या की हातातल्या कागदावरचं चित्र चौकट-चौकट करून मोठं करता येतं. माझ्या उस्तादांनी मला पहिली दोन वर्षं फक्त सुतळी धरायला लावली होती.

गावाला चार पडदे लागत. जंगल, राजवाडा, रस्ता आणि देऊळ. या चारांवर कुठलंही नाटक होतं. पडदा गावातला कोणीतरी दान देई आणि दान देणाऱ्याचं नाव खाली मोठ्या अक्षरांत घालावं लागे. नावापर्यंत ठीक होतं. पण औंढ्याकडच्या एका दात्यानं जंगलाच्या पडद्यात आपला नवा ट्रॅक्टर पाहिजे म्हणून हट्ट धरला. मी म्हटलं, "मालक, या जंगलात राम-सीता वनवासाला येणार आहेत." तो म्हणाला, "येऊ द्या की. आमी कुठं अडवून राहिलो? टॅक्टर झाडाखाली उभा राहील." त्या गावात पुढं कितीतरी वर्षं सीतेचं हरण लाल ट्रॅक्टरच्या साक्षीनं झालं.

नाटकं कमी झाल्यावर मी फोटो स्टुडिओंचे पडदे करायला लागलो. तिथं एकाच चित्राला मागणी होती, फॉरेन सीन. मागं बर्फाचा डोंगर, पुढं तळं, तळ्यात दोन हंस, काठावर लाकडी घर. हा सीन मी एका कॅलेंडरवरून उचलला आणि त्यानंतर किती वेळा रंगवला ते मोजलं नाही. अर्ध्या जिल्ह्याची साखरपुड्याची पोरं त्या तळ्याकाठी उभी राहिली आहेत. मी स्वतः बर्फ पाहिला तो गोळेवाल्याच्या गाडीवर.

मग फ्लेक्स आला. त्याबद्दल रडत बसत नाही. मी ब्रश धुऊन माळ्यावर टाकले आणि काही वर्षं नातवंडांच्या शाळेच्या वह्यांना कव्हरं घालण्यात काढली.

अशात एका चैत्रात सिद्धेश्वर धरणाजवळच्या एका गावचे उत्तमराव पाटील माझ्या दारात येऊन उभे राहिले. हळदीचे मोठे शेतकरी, बोलायला कडक, मनानं बरे. त्यांचा मुलगा प्रशांत फ्रान्सला नोकरीला. त्यानं तिथलीच मुलगी पसंत केली होती, लुसी नावाची. कोर्टातलं लग्न तिकडे झालेलं, आता गावातलं लग्न इकडे.

"रशीदभाई, स्टेजच्या मागं फॉरेन सीन पाहिजे," उत्तमराव म्हणाले. "फ्लेक्स नको. फ्लेक्स कोणाच्या बी लग्नात ऱ्हातो. हातचं काम पाहिजे, मोठ्ठं. माझ्या व्याह्यांना वाटलं पाहिजे, आपल्याच गावात बसलो हाव."

मला आनंद झाला. तो लपवण्यासाठी मी थोडे आढेवेढे घेतले आणि दुसऱ्याच दिवशी ब्रश घेऊन त्यांच्या गावी मुक्कामाला गेलो.

कामाला जागा मिळाली ती हळदीच्या गोदामात. हळद नुकतीच मोंढ्यावर विकायला गेली होती, त्यामुळे गोदाम रिकामं. रिकामं म्हणजे पोती नव्हती, बाकी भिंती, पत्रे, जमीन सगळं पिवळं. मी झाडून घेतलं, कापड ताणलं, तळं काढलं, हंस काढले. मग डोंगर. पूर्वी मिळायची तशी पांढरी पावडर आता कुठंच मिळत नाही, म्हणून मी चुना कालवून बर्फाला दोन हात दिले आणि जेवायला गेलो.

परत येऊन बघतो तर बर्फाला गोवर आला होता. पांढऱ्याफेक डोंगरावर लाल-लाल ठिपके, मधूनच तळहाताएवढे डाग. हळद आणि चुना एकत्र आले की कुंकू होतं, हे आमच्या जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पत्र्यावरून झरणारी हळदीची भुकटी ओल्या चुन्यावर बसत होती आणि माझा डोंगर कुंकवानं माखत होता. चाळीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसानं हळदीच्या गोदामात चुना कालवावा, याला काय म्हणावं? मी डोक्याला हात लावून खाली बसलो.

तेवढ्यात दारात एक उंच, लालबुंद म्हातारा उभा राहिलेला दिसला. पांढऱ्या मिशा, अंगात प्रशांतचा झब्बा, पायात नवी कोरी चप्पल. हे व्याही. नाव बेर्नार. दोनच दिवसांपूर्वी लेक आणि बहीण यांना घेऊन आले होते. लुसीची आई चार वर्षांपूर्वी वारली, हे मला प्रशांतनं सांगितलं होतं. बेर्नारनी पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग परत पडद्याकडे. आणि ते हसायला लागले. पोट धरून हसले, भिंतीला टेकून हसले आणि झब्ब्याची पाठ पिवळी करून घेतली.

मला राग आला. पण हसून झाल्यावर त्यांनी जे केलं ते बघून माझा राग जागच्या जागी थांबला. त्यांनी सरसाच्या भांड्यात बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, दोन्ही बोटं एकमेकांना चिकटवून सोडवली आणि मान हलवली. सरस पातळ झालाय. असं बोटानं फक्त आमच्या धंद्यातला माणूस बघतो.

संध्याकाळी प्रशांतला मधे बसवून खुलासा झाला. बेर्नार हे चित्रकार. त्यांच्या मुलखातल्या नाटकगृहांसाठी चाळीस वर्षं पडदे रंगवले आणि रंगमंचावरचे महाल, रस्ते, बाजार उभे केले. मी विचारलं, माझ्या डोंगराला हसले कशाला? प्रशांतनं विचारून सांगितलं, "चाचा, ते म्हणतात त्यांच्या गावाला डोंगरच नाही. सपाट आहे सगळं. गहू आणि बीट. पाऊस आणि चिखल."

"मग बर्फ?"

"पडला तर पडतो म्हणतात. दुपारपर्यंत त्याचा चिखल होतो."

मग बेर्नारनी फोनवर स्वतःच्या पडद्यांचे फोटो दाखवले. त्यांच्याकडच्या गाण्याच्या नाटकांत म्हणे हिंदुस्थान फार लागतो. त्यांनी तो सहा वेळा रंगवला होता, एकदाही न पाहता. देवळावर मशिदीचा घुमट होता. हत्तीचे कान आफ्रिकेतले होते. आणि केळीच्या झाडाला आंब्यासारख्या फांद्या फुटून प्रत्येक फांदीला दोन-दोन केळी लटकत होती. आता हसायची पाळी माझी होती. मी त्यांच्याइतकाच हसलो, हिशेब चुकता झाला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना शेजारच्या वावरात नेऊन केळीचा घड दाखवला. ते त्या घडासमोर बराच वेळ उभे राहिले. सहा हिंदुस्थान चुकले, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. परत आल्यावर त्यांनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला, बादलीत निळा आणि जांभळा कालवला आणि मला खुणेनं समजावलं की बर्फ पांढरा नसतोच, सावलीत तो निळा असतो. लाल डाग खरवडू दिले नाहीत. त्यांच्याभोवती नारिंगी आणि गुलाबी फिरवून त्यांनी डोंगरावर सकाळ आणली. माझं इंग्रजी म्हणजे कलर, ब्रश आणि पेमेंट. त्यांचंही फार पुढं नव्हतं. तरी तीन दिवस आमचं काही अडलं नाही. सुतळीचं एक टोक त्यांनी धरायचं, एक मी. फट्ट आवाज झाला की दोघांनाही बरं वाटायचं.

एकदा मी हातवारे करून विचारलं, इथलं धरण, हळदीचं वावर, हे का नको रंगवायला? त्यावर त्यांनी हातवारे करूनच मला उलटं विचारलं, तुमचे लोक हे बघायला येतील? माणूस रोज दारात बघतो ते पडद्यावर बघायला येत नाही. हे मला माहीत होतंच. त्यांच्या गावातही तसंच असतं, अशी खूण त्यांनी केली तेव्हा धीर आला.

तिसऱ्या दिवशी घोटाळा झाला. उत्तमराव वाशिमकडच्या सोयऱ्यांना मांडवाची तयारी दाखवत गोदामात शिरले. सोबत त्यांचे थोरले साडू भाऊसाहेब. फार मानाचा माणूस, नाकावर माशी बसू न देणारा. त्या क्षणी वधूपिता जमिनीवर उकिडवे बसून दोन्ही हातांनी सरस घोटत होते. मिशीला निळा रंग, टकलावर हळद.

"हा कोण?" भाऊसाहेबांनी विचारलं. "नवीन गडी ठेवला काय?"

उत्तमरावांचा चेहरा बघवेना. मीच मदतीला धावलो. "माझ्याकडं हाय कामाला," मी म्हणालो. "काश्मीरकडचा हाय."

"वाटूनच राहिलं," भाऊसाहेब म्हणाले आणि पुढं गेले. बेर्नारनी त्यांना हात जोडून नमस्कार केला.

सोयरे गेल्यावर उत्तमराव परत आले. तोवर प्रशांतही आला होता. "रशीदभाई, तुमी माझी इज्जत घालवून राहिले. पोरीच्या बापाला मुलाकडच्यांनी कामाला लावलं, असं कळलं तर सोयरे माझ्या दारात पाणी बी पिणार न्हाईत. व्याह्यानं बसायचं ऱ्हाते. त्यांना बसवायचं, खाऊ घालायचं, मान द्यायचा."

"बाबा, त्यांनाच करायचंय," प्रशांत म्हणाला. "त्यांनी रुखवताबद्दल ऐकलंय. मुलीकडचे हातानं केलेल्या वस्तू मांडतात, हे त्यांना मीच सांगितलं. ते म्हणतात, मला लुसीसाठी हातानं काहीतरी करून द्यायचंय. मला दुसरं काही येत नाही."

"रुखवताचं मी बघितलं हाय," उत्तमराव म्हणाले. आणि खरोखरच बघितलं होतं. हिंगोलीहून स्टीलचा डिनर सेट, मिक्सर, फ्रीज असं सगळं स्वतःच आणून त्यांनी त्याच्यावर 'वधूपित्याकडून' अशी कार्डं लावून ठेवली होती. व्याह्याला कमीपणा येऊ नये म्हणून. "आन् हे चित्राबित्राचं कुठं बोलायचं न्हाई. मी समद्यांना सांगून ठेवलं हाय, व्याह्यांचं तिकडं थेटर हाय, मालकीचं. रशीदभाई, राग नका मानू, पन पेंटरची पोरगी करून आणली म्हणलं तर लोक काय म्हणतील?"

मी राग मानला नाही. मान खाली घालून ब्रश धूत राहिलो. खरं सांगायचं तर राग मानायला पाहिजे होता. त्या गोदामात दोन पेंटर होते, एकाला भाषा येत नव्हती म्हणून तो गप्प होता. मला येत होती. आणि त्याच माणसाला अर्ध्या तासापूर्वी मी माझा गडी ठरवून मोकळा झालो होतो.

त्या दिवसापासून बेर्नारना माडीवरच्या खोलीत बसवण्यात आलं. नवा कूलर, गादी, लोड, दर तासाला सरबत. दारात उत्तमरावांच्या थोरल्या भगिनी, अक्का, खुर्ची टाकून बसल्या. पाहुण्यांना काही कमी पडू नये म्हणून, असं त्या म्हणत. मी मांडवात दोऱ्या बांधायला गेलो की वर खिडकीत बेर्नार दिसायचे. हात मांडीवर ठेवून बसलेले. आयुष्यभर काम केलेल्या माणसाला नुसतं बसवलं की तो किती म्हातारा दिसतो, ते मला माझ्या घरच्या आरशामुळे माहीत होतं.

लग्नाला चार दिवस उरले आणि उत्तमरावांनी मला आणखी एक काम सांगितलं, अंतरपाट. लग्नात नवरा-नवरीच्या मधे जो पांढरा कपडा धरतात, त्यावर मी चाळीस वर्षं कलश, स्वस्तिक आणि दोघांची नावं काढत आलो आहे. रंग वाळवत बसलेलो असताना माझ्या डोक्यात उजेड पडला. अंतरपाट म्हणजे पडदाच की. जगातला सगळ्यात लहान पडदा, आणि त्याला दोन बाजू असतात. लोकांना दिसेल त्याची सोय मी करतो. नवरीसमोरची बाजू नवरीशिवाय बघतं कोण?

अडचण एकच होती. मांजरपाट पातळ, एका बाजूचा रंग दुसऱ्या बाजूला फुटणार. मी एसटीनं कळमनुरीला घरी गेलो आणि बायकोला दोन कापडं एकावर एक ठेवून मशीनवर शिवून दे म्हणालो.

"शादी के पर्दे कू अस्तर कायकू जी?" शकीलानं विचारलं. मी सगळं सांगितलं. ती मशीन चालवता चालवता थांबली. "माँ नै ना उस बच्ची कू," एवढंच म्हणाली आणि मग कडेनं अशी बारीक शिलाई मारली की दोन कापडं आहेत हे मलाही ओळखू आलं नसतं. शिवाय डबा भरून शिरखुर्मा दिला.

डबा एकावर एक बसणाऱ्या तीन पुड्यांचा होता. वरच्या पुड्यात खुर्मा, खालच्या दोन पुड्यांत रंग, मुठीएवढा सरस आणि तोडून लहान केलेले चार ब्रश. एक बाजू रंगवलेलं कापड मी कमरेला गुंडाळून वर शर्ट सोडला आणि माडीवर गेलो.

"डब्यात काय हाय?" अक्कांनी अडवलं.

"शिरखुर्मा, अक्का. घरून आणला. साहेब रोज वरण-पोळी खाऊन कंटाळले असतील."

"बघू." अक्कांनी वरचा पुडा उघडला, वास घेतला, पदराआडून चमचा काढला आणि तिथंच खायला सुरुवात केली. "खजूर टाकला काय? व्हय, टाकला." अर्धा पुडा संपला. "खाली बी हेच हाय का?"

"न्हाई अक्का, खाली मटण हाय."

अक्का माळकरी होत्या. त्यांनी खुर्ची चार हात मागं सरकवली आणि डब्याकडे बघणंही सोडलं. पुढचे तीन दिवस रंग बिनबोभाट वर जात राहिले. खोटं बोललो हे कबूल. अक्कांनी माफ करावं.

बेर्नारना मी कापड उलगडून दाखवलं. कलशाच्या बाजूला बोट ठेवून म्हणालो, प्रशांत. कापड उलटं केलं, कोऱ्या बाजूवर हात फिरवला आणि म्हणालो, लुसी. ते त्या कोऱ्या बाजूकडे बघत राहिले. मग डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि पहिलं काम केलं ते म्हणजे माझा सरस बोटावर घेऊन बघितला. या वेळी मान खाली-वर हलली.

लग्नाच्या सकाळी त्यांनी घडी घातलेला अंतरपाट माझ्या हातात दिला. उलगडू नको अशी खूण केली. मी तो तसाच नेऊन लग्न लावणाऱ्या महाराजांच्या ताटात ठेवला आणि कलशाची बाजू नवऱ्याकडं धरा म्हणून सांगितलं.

मांडव भरला. माझा डोंगर स्टेजमागं दिमाखात उभा होता. लोक म्हणत होते, फॉरेनला सकाळी असाच लाल बर्फ पडत असेल. वारा सुटला होता म्हणून मी पडद्याची दोरी धरून नवरीच्या मागच्या अंगाला उभा होतो. बेर्नारना भला मोठा फेटा बांधला होता, डोळ्यांवर काळा चष्मा दिला होता, आणि उत्तमराव त्यांना भाऊसाहेबांपासून कायम वीस हात लांब ठेवत होते. सत्कार झाले. सत्कार करणाऱ्यांचेही सत्कार झाले. शेवटी एकदाचा अंतरपाट धरला गेला आणि मंगलाष्टका सुरू झाल्या.

लोकांना कलश दिसला. मला दुसरी बाजू दिसली.

एक स्वयंपाकघर होतं. लहानसं, काही विशेष नसलेलं. लाकडी टेबल, त्यावर फुलाफुलांचं मेणकापड, एका खुर्चीची पाठ मोडून दोरीनं बांधलेली. खिडकीबाहेर ओला रस्ता आणि सपाट वावर. आणि खिडकीशी एक बाई पाठमोरी उभी होती, हातात ताट पुसायचं फडकं घेऊन, कोणीतरी हाक मारली म्हणून आत्ता वळेल अशी. आमच्या धंद्यात पडद्यावर माणूस काढत नाहीत. नट हलतात आणि चित्रातला माणूस हलत नाही, त्यामुळे सगळं खोटं पडतं. बेर्नारनीही चाळीस वर्षांत काढला नसणार. तरी त्यांनी ती काढली होती, आणि ती हलेल असं मला वाटत होतं.

लुसीला आधी कळलं नाही. मग कळलं. तिनं हातातला हार छातीशी धरला आणि त्या कपड्याकडे बघत राहिली. मराठवाड्यातल्या लग्नांत उन्हाच्या वेळी मंगलाष्टका लांबल्या की मी गाणाऱ्यांना मनातल्या मनात शिव्या घालतो. त्या दिवशी प्रशांतच्या आत्या, मावश्या, चुलत्या एकामागून एक माइक ओढून घेत होत्या आणि मला वाटत होतं, अजून कोणीतरी उठावं. अजून एक म्हणावी.

अंतरपाट बाजूला झाला, अक्षता पडल्या, बँड वाजला. लुसीनं प्रशांतच्या गळ्यात हार घातला, पण तिची नजर कापड गेलं त्या बाजूला होती आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

उत्तमराव धावले. "पोरगी काहून रडून राहिली? काही तकलीफ हाय का?" तिची नजर बघून त्यांनी महाराजांच्या हातातून अंतरपाट घेतला आणि उलटा केला.

कडक माणूस तो. कापड दोन्ही हातांत धरून उभाच राहिला. मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "ही बाई कोण?"

"लुसीची आई असणार, पाटील."

"आन् काढलं कोणी? तुमी?"

एवढा सोपा प्रश्न. हो म्हणालो असतो तर सगळं निभावून गेलं असतं. पण एकदा त्या माणसाला मी काश्मीरला पाठवून बसलो होतो. "तुमच्या व्याह्यांनी," मी म्हणालो. "माडीवर बसून. रंग मी नेऊन दिले."

तेवढ्यात मागून भाऊसाहेब आले. लेकीला जवळ घ्यायला बेर्नारनी चष्मा काढला होता, फेटा मागं सरकला होता. भाऊसाहेबांनी त्यांच्याकडे निरखून बघितलं आणि सगळ्या सोयऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "उत्तमराव, हा तर तुमच्या गोदामातला गडी दिसून राहिला."

मी दोरी घट्ट धरली. उत्तमरावांनी एकदा भाऊसाहेबांकडे बघितलं, एकदा हातातल्या कापडाकडे. मग ते कापड त्यांनी उंच धरलं, चित्राची बाजू लोकांकडे करून.

"गडी न्हाई, भाऊसाहेब," ते म्हणाले. "आमचे व्याही पेंटर हाईत. हे त्यांनी काढलं हाय, त्यांच्या पोरीसाठी. जवळ येऊन बघा."

माणसं बघायला पुढं सरकली. बेर्नार लेकीला सोडून माझ्याजवळ आले. काय चाललंय ते त्यांना कळत नव्हतं, पण त्या सगळ्या बोलण्यातला एक शब्द त्यांनी बरोबर पकडला होता. "पेंटर?" त्यांनी मला विचारलं आणि माझ्या छातीवर बोट ठेवलं. तुला म्हणताहेत ना?

मी दोरी सोडली, त्यांचं बोट धरलं आणि त्यांच्याच छातीकडे वळवलं.